छोट्या मिलिंगला रोटरी टेबल: तीन वापरली, एक ठेवलं

गेल्या श्रावणात गल्लीतला एक कारखानदार भर दुपारी पिशवीत चाक घेऊन आला. इचलकरंजीत कारखानदार म्हणजे फार मोठा माणूस समजू नका. घरामागच्या पत्र्याच्या शेडात आठ माग असले तरी तो कारखानदारच. चाक माझ्या बाकावर ठेवून म्हणाला, "मिस्त्री, ह्यो बघा की. तीन दात गेल्यात. बाजारात ओतीव मिळतंय, पर ते लई खडखडतंय. तुम्हीच कापून द्या."

दात मोजले, ५२ भरले. मागाच्या टेक-अपचं, म्हणजे विणलेलं कापड गुंडाळून घेणाऱ्या यंत्रणेचं, चेंज व्हील होतं ते. ज्यांना माग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सात चाकांच्या टेक-अपला ३६ दातांचं स्टँडर्ड व्हील असलं की चेंज व्हीलचा एक दात म्हणजे इंचाला एक पिक, म्हणजे कापडातला एक आडवा धागा. ५२ दातांचं चाक लावलं की ५२ पिकाचं कापड. आमच्याकडं मजुरी ठरते तीच पिकावर. व्यापारी पिकग्लास लावून धागे मोजतो आणि कमी भरले की पैसे कापतो. म्हणून "एखादा दात इकडंतिकडं झाला तर काय बिघडतं" हे इथं चालत नाही.

मी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एका टूलरूममध्ये २८ वर्षं मिलिंगवर, म्हणजे फिरत्या कटरनं धातू कापायच्या मशीनवर काढली. तिथलं रोटरी टेबल, म्हणजे जॉब (कापायचा तुकडा) बांधून हव्या त्या कोनात फिरवायची गोल चकती, सोळा इंची होतं आणि ते चेन ब्लॉकनं उचलावं लागे. निवृत्त झाल्यावर घराच्या पडवीत एक छोटं मिलिंग घेतलं. टेबल १६० मिलिमीटर रुंद, स्पिंडलच्या तोंडापासून टेबलापर्यंत जेमतेम ३०० मिलिमीटर अंतर. एवढ्याशा मशीनला शोभेल आणि झेपेल असं रोटरी टेबल शोधण्यात माझं दीड वर्ष आणि बरेच पैसे गेले. त्यात तीन टेबलं हाताखालून गेली, त्यांचा हा हिशेब. ज्यांच्यात खोट निघाली त्यांची नावं लिहीत नाही. एका नगावरून सगळ्या घराण्याला बोल लावण्यात अर्थ नसतो.

पहिलं घेतलं तीन इंची, घरपोच मागवलेलं. फोटोत फार देखणं दिसत होतं. खोका उघडला तेव्हा बायको म्हणाली, "हे कसलं जातं आणलंय? दळण कुठून घालायचं?" खरं तर जात्याचा पाळू त्याच्यापेक्षा सुरळीत फिरला असता. वर्मचं, म्हणजे टेबल फिरवणाऱ्या आतल्या स्क्रूचं, गुणोत्तर ३६ ला १, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात टेबल १० अंश फिरतं. सहा-आठ भोकं पाडायला तेवढं पुरतं. पण लॉक आवळला की टेबलाचा माथा उचलला जायचा. डायल गेज लावून बघितलं, ४० मायक्रॉन. लॉक सैल केला की परत जागेवर. म्हणजे सेटिंग करताना एक उंची आणि कापताना दुसरी. विकणाऱ्याला कळवलं तर मूळ पॅकिंगसकट परत पाठवा म्हणाला. मूळ पॅकिंग तोवर बंबात गेलं होतं.

त्या लॉकचं काहीतरी करता आलं असतं. दोन दिवस निळा रंग लावून उंचवटे घासत बसलो असतो तर माथा सपाट बसला असता. खरी अडचण चाक आलं तेव्हा कळली. उभ्या मिलिंगवर गिअर कापायचा तर रोटरी टेबल उभं करायचं, मँड्रेल, म्हणजे चाक बसवायचा दांडा, आडवी धरायची, आणि कटर चाकाच्या बाजूनं, बरोबर मध्याच्या उंचीवर आणायचा. आता माझं चाक १० डीपीचं (व्यासाच्या दर इंचाला १० दात), ५२ दात, म्हणजे बाहेरचा व्यास दातांत दोन मिळवून ५४ भागिले १०, ५.४ इंच. मिलिमीटरमध्ये १३७. त्रिज्या साडेअडुसष्ट. आणि तीन इंची टेबल उभं केल्यावर त्याच्या मध्याची उंची भरते ५५. चाक मँड्रेलवर चढवण्याआधीच ते मिलच्या टेबलात रुतणार! खाली ठोकळे घालून टेबल उचललं तर ते दातकोरण्यावर उभं केल्यासारखं थरथरतं. ही सेंटर हाइट जाहिरातीत बहुधा लिहिलेलीच नसते. तिथं असतो फक्त व्यास, तोही इंचात. घेण्याआधी दुकानदाराकडून उभ्या अवस्थेतली सेंटर हाइट विचारून घ्या. ती त्याला सांगता आली नाही तर पट्टी घेऊन स्वतः मोजा.

मग आलं सहा इंची. ते माझं नाही, टूलरूममधल्या जुन्या दोस्ताचं. त्यानं ते पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी उचललं होतं, वरचा गंज घासून चकचकीत केलं होतं. चीज म्हणून उत्तम. बिडाचं वजनदार अंग, ९० ला १ वर्म, मध्ये एमटी टू टेपर (ठरावीक मापाचं निमुळतं भोक), लॉक आवळला तर डायलचा काटा जागचा हलत नाही. पण पडवीतल्या वजनकाट्यावर ते २३ किलो भरलं. चाळिशीत मी ते एका हातानं ठेवलं असतं. आता एकसष्टाव्या वर्षी मिलच्या टेबलावर ते नीट उतरवताना कंबर आणि टेबलाचा माथा, दोन्ही सांभाळावं लागतं.

आडवं ठेवून वापरायचं झालं की उंचीचा हिशेब येतो. टेबल ८२, त्यावर चकची प्लेट १५, चक ६०, जॉब ४०. झाले १९७. वर ड्रिल चक आणि ड्रिल मिळून दीडशे. आणि माझ्याकडं अंतर ३००. ड्रिल जॉबला टेकवायलासुद्धा जागा नाही. चक काढून जॉब सरळ टी-बोल्ट आणि क्लॅम्पनं माथ्यावर बांधला तर जमतं, पण मग प्रत्येक जॉबला मध्य काढण्याचा सोपस्कार आला.

तरी ५२ दातांचं चाक मी त्यावरच कापायला घेतलं. आणि इथं जे कळलं ते मला २८ वर्षांत कळलं नव्हतं, कारण कारखान्यात गिअर हॉबिंगला, म्हणजे गिअर कापायच्या वेगळ्या मशीनवर जायचे आणि आमच्या मिलिंगवर फक्त भोकं आणि खाचा यायच्या.

दोस्तानं टेबलाबरोबर जुन्या ब्राउन अँड शार्प पद्धतीच्या तीन डिव्हायडिंग प्लेटा दिल्या होत्या. हँडलची पिन त्यांच्या भोकात बसवून फेऱ्याचा भाग मोजायचा. पहिलीवर १५ ते २० भोकांची वर्तुळं, दुसरीवर २१, २३, २७, २९, ३१, ३३ आणि तिसरीवर ३७, ३९, ४१, ४३, ४७, ४९. अठरा वर्तुळं बघून वाटतं आता काहीही कापता येईल. मांडा गणित, एका दाताला हँडलचे किती फेरे: ९० भागिले ५२. एक पूर्ण फेरा आणि उरले १९ छेद २६. म्हणजे २६ भोकांचं किंवा त्याच्या पटीतलं वर्तुळ पाहिजे. २६ नाही. ५२ नाही. ३९ आहे, पण ३९ ला २६ नं भाग जात नाही. झालं, बसा.

मला वाटलं ५२ हा आकडाच नाठाळ. म्हणून मागाला लागणारे बाकीचे आकडे वहीत मांडत गेलो. ४४ होत नाही. ५६ होत नाही. ६४ होत नाही. ६८ पण नाही. ४८, ६० आणि ७२ मात्र होतात. रात्री जेवताना डोक्यात लख्ख पडलं. नव्वदाचे तुकडे पाडा: दोन, तीन, तीन, पाच. दोन एकदाच आहे. दात चारच्या पटीत असले की उरलेला दोन प्लेटनं द्यावा लागतो, आणि त्या प्लेटांवर सम आकड्यांची वर्तुळं तीनच: १६, १८, २०. काही छोट्या टेबलांना ९० च्या जागी ७२ ला १ वर्म असतं. त्या ७२ चे तुकडे पाडा: दोन, दोन, दोन, तीन, तीन. सगळे दोन टेबलाच्या पोटातच आहेत. मग ५२ ला ७२ भागिले ५२, एक फेरा आणि ५ छेद १३, म्हणजे ३९ च्या वर्तुळावर १५ भोकं. ५६ ला २१ च्या वर्तुळावर ६. ६४ ला १६ च्या वर्तुळावर २. लोण्यात सुरी जावी तसं.

भरल्या हातानं तसाच उठून वहीत लिहिलं. बायको म्हणाली भात निवतोय.

(सगळं ७२ लाच सोपं असं मात्र नाही. त्याच्यात पाच अजिबात नाही. २५, ५०, ७५, १०० दात पाहिजे असतील तर २५ चं वर्तुळ लागतं, ते या प्लेटांवर नाही. तिथं नव्वदवालं बिनबोभाट काम करतं. ४० ला १ असलेलं डिव्हायडिंग हेड, म्हणजे जॉबचे समान भाग पाडायचं साधन, दोन्हीकडं चालतं. पण डिव्हायडिंग हेडवर आडवा जॉब टाकून अर्धगोल खाच सहजी मारता येत नाही, आणि माझी निम्मी कामं खाचांचीच.)

हे कळण्याआधी मी एक चाक वाया घालवलं होतं, तेही सांगून टाकतो. प्लेट जमेना म्हणून अंशांवर कापायला बसलो. ३६० भागिले ५२, म्हणजे ६ अंश ५५ मिनिटं २३ सेकंद. एवढं एवढं पुढं सरकवत गेलं तर चूक साठत जाते, म्हणून शून्यापासूनचा प्रत्येक कोन काढून ५२ ओळींचा तक्ता केला. हे बरोबरच होतं. सदतिसाव्या दाताला २४९ अंश १३ मिनिटं ५१ सेकंद. बाहेर कुणीतरी हाक मारली, मी परत आलो, आणि १३ च्या जागी ३१ वाचलं. अठरा मिनिटांचा फरक चाकाच्या दातावर साडेतीन दशांश मिलिमीटर होतो. एका बाजूचा दात जाडा, दुसऱ्या बाजूचा चार मिलिमीटरऐवजी साडेतीनच्या आसपास. माग कदाचित फिरलाही असता. मी ते चाक आता दरवाजाला अडण म्हणून लावलंय, म्हणजे येताजाता दिसतं.

तर तिसरं टेबल. कोल्हापूरला उद्यमनगरात गेलो. मनाशी तीन गोष्टी ठरवून: गुणोत्तर ७२ ला १, मध्ये एमटी टू, सेंटर हाइट ७५ च्या वर. तैवानच्या व्हर्टेक्सच्या एचव्ही-४ ला ७२ आहे आणि एचव्ही-६ ला ९०, एवढं मला माहीत होतं. अमेरिकेतल्या शर्लाइनच्या चार इंची टेबलालाही ७२ च. दुकानात त्या मापाचं दुसऱ्या बनावटीचं मिळालं, ११० मिलिमीटर माथ्याचं. दुकानदाराच्या पोरानं आधी सहा इंचीच पुढं सरकवलं. "काका, पैसे थोडेच जास्त लागत्यात, मोठं घेऊन ठेवा की." मी म्हटलं, "बाबा, गुणोत्तर काय?" तो म्हणाला, "एक नंबर आहे." मी डायल आणि मॅग्नेट स्टँड पिशवीतून काढला तेव्हा त्याचे वडील गल्ल्यावरून उठून आले आणि म्हणाले, "बसा. च्या घ्या. निवांत बघा."

निवांतच बघितलं. वर्म सोडवून माथा हातानं फिरवला, कुठं खरखर लागते का म्हणून. एके ठिकाणी किंचित लागली. वर्म लावून हँडल पुढंमागं हलवून प्ले, म्हणजे दातांतली ढिलाई, बघितला, कोनाची बारा मिनिटं. ऐकायला जास्त वाटतं, पण नेहमी एकाच बाजूनं फिरवून थांबलं आणि लॉक केलं तर प्ले भोवत नाही. माथ्यावर डायल ठेवून पूर्ण फेरा, १५ मायक्रॉन. लॉक आवळल्यावर ५. टेपरमध्ये टेस्ट बार लावून बघायचा होता, तो दुकानात नव्हता आणि मीही विसरलो होतो. बोटानं आतून चाचपलं, बाट लागली नाही, तेवढ्यावर घेतलं. किंमत साडेचौदा हजार, वर १८ टक्के जीएसटी. प्लेटांचा संच आणि टेलस्टॉक (दांड्याचं दुसरं टोक धरणारा आधार) वेगळा घ्यावा लागला, त्याचे आणखी सात हजार. हे मात्र खटकलं. ताट दाखवून वाट्यांचे पैसे वेगळे मागावेत तसं.

घरी आणून पहिलं काम सगळं उघडणं. नवं आहे म्हणून विश्वासानं तसंच वापरू नका. आत पिवळ्या ग्रीसमध्ये बिडाची भुकटी आणि घासायच्या चाकाची रेव, दोन्ही सापडली. खरखर तिचीच होती. रॉकेल मिळालं नाही, डिझेलनं धुतलं, फडक्यानं पुसलं, स्लाइडवेचं तेल घातलं. वर्मच्या एक्सेंट्रिक बुशनं प्ले कमी करायला गेलो तर एका जागी दोन मिनिटं आणि समोरच्या बाजूला हँडल फिरेना. वर्म व्हील जरा लंबगोल बसलंय. अशा वेळी सगळ्यात घट्ट जागा शोधायची, तिथं हँडल हलकं फिरेल एवढंच आवळायचं आणि बाकीकडं जो प्ले राहील तो सोसायचा. माझ्याकडं सर्वांत वाईट जागी तो पाच मिनिटं राहिलाय.

प्लेटा लावून पहिल्या दिवशी ३९ च्या वर्तुळावर भोकं मोजायचे सेक्टरचे दोन हात पसरून बसलो. नवख्याची ठरलेली चूक मीही केली असती: पिन बसलेलं भोक धरून पंधरा मोजायचं. ते भोक शून्य असतं. हातांमध्ये सोळा भोकं दिसली पाहिजेत. आधी चाकाच्या कडेला पेन्सिलीनं नुसते ५२ शेरे मारत गेलो. शेवटचा शेरा मारून आणखी एकदा फिरवलं तर पेन्सिल पहिल्या शेऱ्यावर येऊन टेकली. मग तीन नंबरचा कटर लावला (३५ ते ५४ दातांना तीनच लागतो), खोली ५.४८ मिलिमीटर, दोन पासात. बिडाची काळी भुकटी नाकातोंडात जाते, मास्क लावा. प्रत्येक दाताला तीच पाळी: लॉक सोड, एक फेरा, पंधरा भोकं, पिन टाक, लॉक आवळ, काप. लॉक आवळताना हँडलवरचा हात काढून घ्यायचा, नाहीतर पिनवर ताण येतो. साडेतीन तास लागले. या वेळी फोन बंद होता.

खोडी आहेतच. उभं केल्यावर हँडल मिलच्या टेबलाला घासतं, म्हणून टेबल कडेला सरकवून हँडल बाहेर अधांतरी ठेवावं लागतं, आणि मग एक्सची, म्हणजे मिलच्या टेबलाच्या आडव्या सरकण्याची, लांबी वाया जाते. पायाच्या खाचा माझ्या टी-स्लॉटच्या अंतराला जुळत नव्हत्या, एक खाच कानसीनं चार मिलिमीटर वाढवली. अंशांच्या रेघा इतक्या उथळ आहेत की ट्यूबलाइटखाली दिसत नाहीत. काळा रंग भरून वरून पुसला, तेव्हा वाचता आल्या. टेलस्टॉकचा सेंटर टेबलाच्या मध्यापेक्षा ३० मायक्रॉन खाली होता. खाली शिमची पट्टी गेली.

आडव्या कामाला मात्र मन लावून वापरावं असं टेबल आहे. मागाच्या एका लीव्हरला कमानीसारखी खाच मारायची होती, बारा मिलिमीटर रुंद. आधी टेपरमध्ये पिन लावून, स्पिंडलला डायल बांधून टेबलाचा मध्य स्पिंडलखाली आणला आणि दोन्ही डायल शून्य केले. मग लीव्हरचं भोक त्याच पिनेवर बसवलं आणि एक्स त्रिज्येएवढा सरकवला. पाच मिनिटांचं काम. बाहेरचा गोल काढताना टेबल कटरच्याच दिशेनं, म्हणजे वरून बघता घड्याळाच्या काट्यासारखं फिरवायचं. आतला गोल असला तर उलटं. चुकलात तर कटर जॉब ओढून घेतो, आणि तेव्हा तो पाच मिनिटांचा प्ले एका झटक्यात निघतो. एंड मिलचा तुकडा मी अजून डबीत जपून ठेवलाय.

साडेअकरा किलोचं आहे. मिलवरून उचलून फळीवर ठेवताना आता कुणाला हाक मारावी लागत नाही. आठ महिन्यांत अकरा चाकं आणि न मोजलेले लीव्हर झाले, लॉक अजून पहिल्यासारखा बसतो. पाच इंचाच्या आतलं चाक बिनधास्त कापतो. साडेपाच इंचाचं कापताना खाली टेबलापासून बोटभर फट उरते, तेव्हा भुकटी साठू देत नाही. सहा इंची चाक आलं तर हात जोडून नाही म्हणतो.

५२ चं ते चाक त्या कारखानदाराच्या तिसऱ्या मागावर बसलं. तो दुसऱ्या दिवशी आला, पैसे दिले, आणि म्हणाला, "मिस्त्री, आवाजच येईना झालाय वो. माग बंद पडला म्हणून दोनदा उठून बघितलं."

काल त्याचा भाऊ एक चाक घेऊन आला. दात मोजले. पुन्हा एकदा मोजले. पन्नास. दोस्ताला फोन करून विचारलं, सहा इंची मोकळं आहे का, आणि उचलायला तूही येशील का.